सिद्धतेला घाबरतो कोण?

अहिल्यानगरच्या महाविद्यालयांत डिस्क्रीट मॅथ्सचा विषय निघाला, की एक युक्तिवाद ठरलेला असतो. 'आपली पोरं पाथर्डी-जामखेडची, दहावीपर्यंत मराठी माध्यमाची. त्यांना सिद्धता लिहिणं झेपत नाही. ट्रुथ टेबल करून घ्या, इंडक्शनचे दोन-तीन साचे पाठ करून घ्या, पास होतील.' बोलणाऱ्याच्या मनात कणव असेलही. युक्तिवाद मात्र उफराटा आहे.

कॅल्क्युलसला अकरावी-बारावीची शिदोरी लागते. त्रिकोणमिती कच्ची राहिलेला मुलगा तिथे मागे पडतो, हे कबूल. डिस्क्रीटला सुरुवातीला लागतं काय? सम-विषम, मोजणी आणि पूर्ण वाक्य लिहायची तयारी. जिल्ह्यातले १४ तालुके घ्या. प्रत्येक तालुक्याचं ठिकाण नेमक्या तीन ठिकाणांशी थेट जोडणारा नकाशा कागदावर काढता येतो. आता पारनेर वगळा आणि उरलेल्या १३ ठिकाणांचा तसाच नकाशा काढा. कितीही खोडाखोड करा, कुठलं तरी ठिकाण अडतंच. 'जमत नाही' आणि 'जमणारच नाही' यांत जे अंतर आहे, ते ओलांडायला हा विषय शिकवतो. प्रत्येक रस्त्याला दोन टोकं, म्हणून सगळी टोकं मिळून संख्या सम. पण १३ त्रिक ३९, म्हणजे विषम. संपलं. यात पुण्याच्या क्लासला गेलेल्या मुलाकडे जामखेडच्या मुलीपेक्षा जास्तीचं काय आहे?

राहिलं माध्यम. पक्ष, साध्य, सिद्धता ही मांडणी त्या मुलीने शालेय भूमितीत मराठीतच केलेली असते. (पुढे 'चौकटी पूर्ण करा'च्या कृतींनी ती सवय मोडली, तो दोष तिचा नव्हे.)

'नोकरीत सिद्धता कोण विचारतो?' हा दुसरा आक्षेप. एखाद्या संख्येचा वर्ग, अधिक तीच संख्या, अधिक ४१. शून्यापासून ३९ पर्यंत प्रत्येक वेळी उत्तर मूळ संख्याच येतं. ४० घातले, की येतात १६८१, म्हणजे ४१ चा वर्ग. चाळीस चाचण्या पास झाल्या म्हणून प्रोग्रॅम पाठवून देणाऱ्याने हे पाहिलेलं बरं. देवळालीच्या द. रा. कापरेकरांच्या ६१७४ ची गोष्ट वेगळी. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती मांडणी वजा करत राहा, शेवटी ६१७४ च येतात. इथे चार अंकी संख्या मोजक्याच, त्या सगळ्या तपासल्या की तीच सिद्धता. तपासणी कुठे पुरते आणि कुठे नाही, हे ओळखणाऱ्यालाच पगार मिळावा.

खरी अडचण कुणी बोलत नाही. सिद्धता तपासायला उत्तरसूची चालत नाही. प्रत्येक वही वाचावी लागते, आणि वर्गात सत्तर-ऐंशी पोरं. ही तक्रार रास्त आहे, पण ती मुलांच्या कुवतीवर ढकलू नये. आठवड्याला एकच सिद्धता द्या, आधी मराठीत लिहू द्या, आणि बाकावरच्या शेजाऱ्याला तिच्यातलं भोक शोधायला सांगा. ज्या 'अनुभवामृता'त शब्दखंडन, अज्ञानखंडन अशी प्रकरणं आहेत, ते याच जिल्ह्यातल्या नेवाशात लिहिलं गेल्याचं मानतात. खंडन इथल्या पोरांना नवं नाही. सरांनी शेवटी वादातल्या वह्या तेवढ्या पाहाव्यात. त्यापायी ट्रुथ टेबलचे दोन तास गेले, तर खुशाल जाऊ द्यावेत.