जैवविविधतेची वही कपाटात, निधीचा हिशेब कुणाकडे?

प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे, असं २००२ चा जैवविविधता कायदा सांगतो. गावातली झाडं, पिकांचे जुने वाण, मासे, जनावरं, वैदूंची माहिती यांची लोक जैवविविधता नोंदवही करणं हे समितीचं मोठं काम.

राष्ट्रीय हरित लवादाने यासाठी ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली. नंतर दरमहा १० लाखांचा भुर्दंड राज्यांवर. मुदतीच्या घाईत वह्या किती झाल्या ते मोजलं जातं. आत काय लिहिलंय, ते राहून जातं.

नुकसान गावाचंच. शिवारातून व्यापारासाठी हिरडा, बेहडा नेणाऱ्याकडून समितीला शुल्क घेता येतं. ते पैसे आणि मिळालेलं अनुदान स्थानिक जैवविविधता निधीत जमा होतं. पण वहीत हिरडाच नसेल, तर गाव कशाच्या जोरावर मागणार?

रक्कम छोटी असली की ती सगळीकडे थोडी थोडी वाटण्याचा मोह होतो. मग रोपांचे फोटो निघतात आणि उन्हाळ्यात नुसत्या काठ्या उरतात. त्यापेक्षा एक देवराई किंवा एक ओढा धरावा. रोपं लावली किती हे नको, दोन उन्हाळ्यांनंतर जगली किती ते मोजावं.

निधीचा तपासलेला हिशेब दरवर्षी जिल्हाधिकाऱ्यांकडे जायला हवा, असं कायद्यातच आहे. त्याआधी तो ग्रामसभेत वाचला जावा. समितीत कोण, वहीत काय, पैसे कुठे गेले? एवढं विचारायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.