पडद्यावरच्या आम्लाला वास नसतो

मुंबईच्या गोदीत कंटेनर आला आणि गँगच्या गँग बसून राहिल्या. दोष यंत्राचा नव्हता. ते कुणाच्या ताब्यात, हा सवाल होता. आता कॉलेजातल्या विज्ञानात कॉम्प्युटर आलाय. भडगाव-पाचोऱ्याच्या पोरापोरींसाठी तोच सवाल पुन्हा विचारतो.

कॉम्प्युटरला शिव्या घालायला आम्ही बसलो नाही. मास्तरानं फळ्यावर कितीही घाम गाळला तरी रेणू हलताना दिसत नाही. पडद्यावर दिसतो. थांबवता येतो, रात्री पुन्हा बघता येतो. दिवसा हमाली करणाऱ्याला ही चीज सोन्याची. १९४६ साली बाबासाहेबांनी सिद्धार्थ कॉलेज काढलं. तिथले सकाळचे वर्ग नोकरी करून शिकणाऱ्यांसाठीच होते.

पण पुढं बघा. १५ ऑगस्ट १९८४ ला विद्यापीठ अनुदान आयोगाचा वर्ग दूरदर्शनवर सुरू झाला, तो इंग्रजीत बोलला. २००९ च्या राष्ट्रीय अभियानातून व्हर्च्युअल लॅब निघाल्या. त्याही बोलतात बहुतेक इंग्रजीच. २०२० च्या टाळेबंदीत तर ज्याच्या घरी फोन, त्याचंच कॉलेज.

आणि प्रयोग? ब्युरेटचा नळ बोटानं सोडायचा, थेंब थेंब अल्कली आम्लात पडू द्यायची. शेवटच्या एका थेंबानं फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी होतं. थेंब जास्त पडला की सगळं पहिल्यापासून. हे बोटाला कळतं. पडद्यावर बटण दाबून बोट शहाणं होत नाही. १९२७ ला महाडात आपल्या माणसांनी तळं नुसतं बघितलं नाही, पाणी ओंजळीत घेतलं. पिढ्यान् पिढ्या ज्यांना शिवू दिलं नाही, त्यांना आता विज्ञानही लांबूनच दाखवणार काय?

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाईंचं नाव आहे. बाई निरक्षर. जातं आणि शेत हीच तिची शाळा. तिचं नाव लावता, तर पोरांच्या हातातली परीक्षानळी काढून घेऊ नका.

आम्हाला पडदाही पाहिजे आणि प्रयोगशाळाही. धडे मराठीत पाहिजेत. कॉम्प्युटरची खोली रात्री उघडी पाहिजे. प्रयोगशाळेला कुलूप लावून तिच्या जागी कॉम्प्युटर मांडले, तर ती आमची फसवणूक समजू.

बी.एस्सी.च्या पोरापोरींनो, वर्षभरात स्वतःच्या हातानं किती प्रयोग केले, मोजा. आकडा आम्हाला पाठवा. कॉलेजच्या नावासकट छापू.