तोंड उघडून बघायला दोन मिनिटं लागतात

मागच्या वर्षी मी एका भूलतज्ज्ञ मॅडमशी भांडलो होतो. ते भांडण आज जाहीरपणे मागे घेतोय.

धाकट्या भावाचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन होतं, दुर्बिणीतून. भाऊ रात्रीपासून उपाशी, नातेवाईक जमलेले. मॅडम दुसऱ्या गावाहून धावतपळत आल्या, भावाला टेबलावरच पहिल्यांदा पाहिलं, तोंड उघडायला लावलं आणि म्हणाल्या, "आज इथे नाही होणार." मी पत्रकारितेचा सगळा आवाज बाहेर काढला. त्या शांतपणे म्हणाल्या, "यांच्या तोंडात दोन बोटंसुद्धा जात नाहीत. पूर्ण भूल दिली की श्वास आपल्याला द्यावा लागतो. नळी गेली नाही तर?"

भाऊ वीस वर्षं खर्रा खातो. घरात सगळ्यांना माहीत. फॉर्मवर 'व्यसन : नाही' असं मीच लिहिलं होतं.

नंतर जरा वाचलं, विचारलं. तपासणी साधी आहे. बसवून तोंड मोठं उघडायचं, 'आ' न म्हणता जीभ बाहेर काढायची आणि पडजीभ कितपत दिसते ते बघायचं. मूळचे आंध्रचे आणि बॉस्टनमध्ये काम केलेले डॉ. शेषगिरी मल्लमपती यांनी १९८५ मध्ये मांडलेली ही पद्धत आज जगभर वापरतात. शिवाय तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात का, मान मागे जाते का, हनुवटी ते कंठमणी अंतर साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास आहे का, खालच्या दातांनी वरचा ओठ चावता येतो का. यंत्र नाही, खर्च नाही.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. डेन्मार्कमध्ये १,८८,०६४ रुग्णांची पाहणी झाली, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. नळी घालणं अवघड गेलेल्या ३,३९१ जणांपैकी ३,१५४ जणांबाबत आधी अंदाजच आला नव्हता. म्हणजे शंभरातले त्र्याण्णव. मग तपासायचंच कशाला? कारण माझ्या भावासारखे सापडतात ते यातूनच. आणि जे सापडत नाहीत, त्यांच्यासाठी प्रत्येक वेळी दुसरा मार्ग तयार हवा. भारतीय भूलतज्ज्ञांची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात : प्रयत्न मोजकेच करा, ऑक्सिजन चालू ठेवा, वेळेत मदत बोलवा.

आता आपल्या तालुक्याचं बघा. एकच भूलतज्ज्ञ दिवसभर तीन-चार दवाखाने फिरतात. रुग्णाची नि त्यांची भेट थेट टेबलावर. तिथे 'नाही' म्हणायला हिंमत लागते, कारण बाहेर माझ्यासारखे उभे असतात.

म्हणून मागणी साधी आहे. ठरवून होणाऱ्या ऑपरेशनला भूलतज्ज्ञांची तपासणी आदल्या दिवशी झालीच पाहिजे, आणि ती कागदावर दिसली पाहिजे. नळी गेली नाही तर काय करणार, हे नातेवाइकांनी नम्रपणे विचारावं. आणि आपण फॉर्मवर खरं लिहावं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी न उघडणारी तोंडं गावोगाव आहेत.

भाऊ ठणठणीत आहे. मेडिकल कॉलेजात आधी जागेपणीच नाकातून दुर्बिणीने नळी घातली, मग भूल दिली. खर्रा मात्र अजून सुटलेला नाही.

मॅडम, तुम्ही हे वाचत असाल तर, चुकलो.