वय नको, धूर तपासा



‘फेरफार केलेल्या जुन्या गाड्यांची पुनर्नोंदणी बंदच करा’ अशी मागणी करणारे पत्र गेल्या अंकात वाचले. पत्रलेखकाची स्वच्छ हवेची तळमळ मान्य, निष्कर्ष मात्र पटत नाही.

मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, हे खरेच. पण मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवायला तेच कलम मुभा देते. किटची नोंद आरसीवर चढवली, टाकीची दर 3 वर्षांची हायड्रो टेस्ट केली, तर ती गाडी बेकायदा कशी? 15 वर्षांनंतर ती आरटीओत तपासली जाते, पर्यावरण कर भरते आणि 5 वर्षांपुरतीच नोंदणी मिळवते.

खरे दुखणे पीयूसीत आहे. भारत स्टेज 2 आणि 3च्या पेट्रोल गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.5 टक्के आहे. पण सायलेन्सरला भोक असेल किंवा प्रोब नळीत अर्धवटच घातला, तर बाहेरची हवा मिसळून आकडा उतरतो आणि धूर ओकणारी गाडीही पास होते.

आधी सायलेन्सर वाकून पाहा, प्रोब पूर्ण आत घाला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेली गाडी सरळ नापास करा. सरसकट वयाची कुऱ्हाड चालवली, तर गाडी नेटाने सांभाळणारा सामान्य मालक भरडला जाईल आणि कन्व्हर्टर उडवलेली नवी गाडी मोकाट फिरेल.

– एक वाचक, पुणे