यादीत घर लिहा

मंगल कार्यालयाच्या दारात, हातात अक्षता असताना घटस्फोटावरचं पत्रक मिळालं म्हणून कुणाला राग आला असेल, तर तो रास्त आहे. आमच्यातल्याच दोघी म्हणत होत्या, कोर्टाबाहेर वाटू. पण तिथवर पोचलेल्या बाईला यातलं सगळं पाठ झालेलं असतं. वाचायला हवं ते इथे, पंगत बसायच्या आधी. तेव्हा एवढा अपशकुन सोसा.

आजच्या लग्नाच्याही याद्या झाल्या असतील. दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसली असतील, कागदाला कुंकू लागलं असेल. कार्यालयाचा खर्च कुणाचा, मुलीच्या अंगावर किती तोळे, मुलाला अंगठी की चेन, मानाच्या साड्या किती, सगळं लिहून सह्या झाल्या असतील. माझ्या याद्यांत स्टीलचं पिंप लिहायचं राहिलं म्हणून मामेसासरे तासभर तोंड फिरवून बसले होते. 1998 ची गोष्ट. शेवटी माझ्या वडिलांनी स्वतःच्या हातानं कागदाच्या समासात 'पिंप 1' असं लिहिलं. त्या कागदावर घराबद्दल एक अक्षर नव्हतं. पुढे आम्ही डोंबिवलीत दोन खोल्या घेतल्या, पंधरा वर्षं हप्ते फेडले, आणि संसार मोडला तेव्हा कायद्यानं मला ते पिंप परत मिळवून दिलं.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर कोर्टात काय होतं ते ऐका. संसार मोडला की तिथे सामानाचे ढीग पडतात. पहिला ढीग स्त्रीधनाचा. माहेरून, सासरून, नातलगांकडून बाईला मिळालेले दागिने, साड्या, भांडी. हे तिचंच, सासरच्या कपाटात कितीही वर्षं राहिलं तरी. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की ते अडकवून ठेवणं हा फौजदारी गुन्हा होऊ शकतो. दुसरा ढीग, लग्नात किंवा लग्नाच्या आसपास दोघांना मिळून आलेल्या भेटींचा. त्याचा निवाडा करायला 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात कलम 27 आहे. मिक्सर, कपाट, पलंग यांना कायद्यानं वेगळं कलम दिलंय. आणि तिसऱ्या ढिगात बाकीचं सगळं, म्हणजे घर, दुकान, गाडी, ठेवी, भविष्य निर्वाह निधी. इथे दोनच प्रश्न विचारतात. नाव कुणाचं? पैसे कुणी भरले?

लग्नानंतर दोघांनी मिळून जे उभं केलं, त्याच्यासाठी चौथा ढीगच नाही. विशेष विवाह कायद्यानं नोंदणी पद्धतीनं लग्न केलेल्यांनाही तो नाही. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी बाईलाही महाराष्ट्रात तो नाही. या एका बाबतीत आपण सगळ्या धर्मांना अगदी समान वागवतो.

मी सतरा वर्षं पोळीभाजीचे डबे केले. सुरुवातीला सहा, मग बावीस. नवऱ्याचा पगार बँकेत जायचा आणि तिथूनच घराचा हप्ता कापला जायचा. माझ्या डब्यांच्या पैशांतून किराणा, गॅस, मुलाची फी, सासूबाईंची साखरेची औषधं, सोसायटीचा मेन्टेनन्स. अशी विभागणी कुणी बसून ठरवली नव्हती. रोख हातात यायची ती माझ्याकडे, म्हणून रोखीचे खर्च माझे. माझ्याकडे डब्यांच्या वह्या होत्या, लांबट, लाल पुठ्ठ्याच्या. 'तिसरा मजला, शनिवारी बंद.' 'दोन पोळ्या जास्त, 4 रु.' वकिलांच्या सांगण्यावरून त्या सगळ्या पिशवीत घालून मी कोर्टात नेल्या. समोरच्या वकिलानं एक वही उघडली, दोन पानं चाळली आणि शांतपणे विचारलं, "या पैशांतून घर घेतलं असं यात कुठे लिहिलंय?"

कुठेच नव्हतं लिहिलेलं. त्या पैशांतून आम्ही जेवलो होतो. मी किराणा भरत होते म्हणून त्याचा पगार हप्त्याला मोकळा राहत होता, हा साधा हिशोब चौथीतल्या मुलालाही येईल. पण हप्त्याची नोंद पासबुकात राहते आणि तांदूळ संपून जातो. जे उरलं ते त्याचं ठरलं, जे संपलं ते माझं.

सोसायटीच्या कागदावर माझं नाव होतं, नॉमिनी म्हणून. ते पाहून मी इतकी वर्षं निर्धास्त होते. बायांनो, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मालकाच्या पश्चात वारसांसाठी सांभाळायला नेमलेलं माणूस, एवढाच त्याचा अर्थ. आज घरी गेल्यावर आपापल्या सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट काढून बघा.

मी तर कमावत होते. न कमावणाऱ्या बाईकडे वहीसुद्धा नसते. केंद्र सरकारनं 2019 मध्ये वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाया त्याला दिवसाला सरासरी 299 मिनिटं देत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष 97. ही मिनिटं सरकारनं मोजली. कोर्टही ती मोजतं, पण बाई अपघातात मेल्यावर, विम्याची भरपाई ठरवताना. जिवंतपणी तीच बाई घराचा वाटा मागायला आली की तिला पावती विचारतात.

यातला आणखी एक विचित्र प्रकार सांगते. 1956 च्या वारसा कायद्यानं नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे. मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीनं तिला वाटा मिळतो. तोच नवरा जिवंत राहून तिला सोडतो तेव्हा वाटा शून्य. जुनं हिंदू शास्त्र तरी बरं म्हणायचं. आपल्या मुंबई इलाख्यात बाप आणि मुलगे वाटणी करतील तर बापाच्या बायकोलाही मुलाइतका वाटा, अशी रीत कोर्टांनी मान्य केलेली आहे. फक्त तिनं स्वतः होऊन वाटणी मागायची नाही. म्हणजे ताट मांडलेलं आहे, पण वाढा म्हणायचं नाही.

महाराष्ट्रानं 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हक्क दिला, केंद्राच्या अकरा वर्षं आधी. त्याचा अभिमान आहेच. पण जिथे तिनं आयुष्याची वीस-तीस वर्षं घातली, त्या घरात ती आजही बिनहक्काची. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यानं सासरच्या घरात राहायचा हक्क दिला, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो सासू-सासऱ्यांच्या नावावरच्या घरापर्यंत नेला. चांगलं झालं. पण राहू देणं वेगळं आणि मालकी वेगळी. भाडेकरूही राहतोच.

"पोटगी मिळते ना?" असं कुणीतरी विचारणारच. हो, मिळते. शब्दच बघा, पोटापुरती ती पोटगी. ती मागावी लागते, दरवेळी गरज सिद्ध करावी लागते, थकली की वसुलीसाठी पुन्हा अर्ज. आणि बाईनं दुसरं लग्न केलं की ती बंद होऊ शकते. दुसरं लग्न केलं म्हणून भावाचा जमिनीतला वाटा कुणी कधी काढून घेतलाय?

आता जरा बांद्याच्या पलीकडे बघा. सावंतवाडीहून तासाभराच्या आत गोवा लागतो. तिथे पोर्तुगीजांनी 1870 मध्ये आपली नागरी संहिता लागू केली आणि 1961 नंतर भारतानं ती चालू ठेवली. लग्नाआधी वेगळा करार नोंदवला नसेल तर लग्नासरशी नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक होते, अर्धी त्याची, अर्धी तिची. हिंदू असो, ख्रिस्ती असो, मुसलमान असो. नवऱ्याला जमीन विकायची तर बायकोची सही लागते. आयकर खातंसुद्धा हे मानतं. गोव्यातल्या अशा जोडप्याचं पगाराखेरीजचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं धरूनच कर लावतं. आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वारसाच्या एका खटल्यात ठरवलं की गोवेकराची मालमत्ता मुंबईत असली तरी तिला गोव्याचाच कायदा लागेल. म्हणजे आपल्या मुंबईत, एकाच जिन्यावर, समोरासमोरच्या दोन दारांत दोन कायदे नांदू शकतात.

गोवा म्हणजे स्वर्ग असं मी म्हणत नाही. जुन्या संहितेनं सामायिक मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्याच हाती दिला होता, आणि सहीचा हक्क असलेल्या बाईकडून सही दमदाटी करूनही घेता येते. पण दमदाटी करावी लागते, हाच फरक आहे. आमच्याकडे तेवढीही तसदी नाही.

आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. 2010 साली संसदेत एक विधेयक आलं. घटस्फोटात बायकोला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत वाटा देण्याची तरतूद पुढे त्यात आली. 2013 च्या ऑगस्टमध्ये राज्यसभेनं ते मंजूर केलं आणि लोकसभेची मुदत संपताच ते विरून गेलं. 2018 मध्ये विधी आयोगानं लग्नानंतरची कमाई दोघांची मानावी असं सुचवलं. तो कागद पडून आहे. समान नागरी कायद्यावर टीव्हीवर रात्र-रात्र घसे सुकतात, पण त्यात बायकोचा घरातला अर्धा वाटा किती जणांच्या तोंडी येतो? 2023 च्या जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयानं मात्र स्वच्छ शब्दांत सांगितलं की नवरा परदेशात कमावत होता ते बायको घर सांभाळत होती म्हणून, आणि त्या पैशांतून घेतलेल्या मालमत्तेत तिला निम्मा वाटा दिला. पण निकाल एका राज्यातल्या एका खटल्याचा. दर बाईनं आयुष्यभर खटला लढवूनच हे मिळवायचं का?

आमच्याबद्दल काय बोललं जातं ते ठाऊक आहे. चार महिने नांदायचं आणि अर्धं घर घेऊन जायचं, अशा बाया निघतील म्हणे. नीट वाचा. आम्ही मागतोय ते लग्नानंतर जमलेल्यातलं निम्मं. चार महिन्यांत चार हप्ते गेले असतील तर त्या चार हप्त्यांचं निम्मं. लग्नाआधीचं त्याचं त्याच्याकडे, हिचं हिच्याकडे. गोव्यातही करार करून अशी व्यवस्था करता येते. वडिलोपार्जित जमिनीला हात लावा असंही आमचं म्हणणं नाही, मात्र लग्नानंतर तिथे खणलेल्या विहिरीत तिचीही पाटी-फावडी गेलीत, त्याचा हिशोब व्हावा. आणि अर्ध्यात कर्जही आलं. संसारासाठी काढलेलं कर्ज निम्मं आमच्या डोक्यावर घ्यायला आम्ही तयार आहोत. बायकोची कमाई जास्त असेल, तर नवऱ्यानंही तिच्या घराचा अर्धा वाटा मागावा. हे पत्रक तेव्हा त्याच्या बाजूनं आहे.

सरकारचं धोरणही गमतीदार आहे. 2021 पासून महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पण नवरा-बायको दोघांच्या नावावर घ्या, सवलत गेली. जिथे भागीदारी खरी आहे तिथेच सरकार हात आखडतं. ही सवलत दोघांच्या नावालाही मिळालीच पाहिजे. आणि त्याहून मोठी मागणी म्हणजे लग्नानंतरची मालमत्ता दोघांची असा कायदा महाराष्ट्राच्या विधानसभेनं करावा. विवाह आणि घटस्फोट समवर्ती सूचीत आहेत. 1994 मध्ये मुलींसाठी केंद्राची वाट न पाहता पाऊल टाकलं होतं, ते या बाबतीत का अडतं?

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर हातात काय आहे? 1990 च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपापल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून दिला, कुठलाही कायदा मागे लागलेला नसताना. त्यानंतर 1992 मध्ये सरकारनं परिपत्रक काढलं की नवऱ्यानं अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावावं. किती बायांना हे माहीत आहे? गावात तलाठ्याला विचारून बघा, तोही आठवायला वेळ घेईल. शहरातल्या घराचं म्हणाल तर राहतं घर नवऱ्यानं बायकोला बक्षीसपत्रानं दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा, पण हे 200 रुपये आजच्या मेंदीच्या बिलात सहज बसतील. नवीन घर घेत असाल तर करारनाम्यावर दोघांची नावं असल्याशिवाय पहिला चेक देऊ नका.

मुलाकडच्यांनो, आज संध्याकाळी सूनबाई उंबरठ्यावरचं माप ओलांडतील. तो उंबरठा कुणाच्या नावावर आहे, हे याद्यांच्या कागदाच्या समासात लिहून टाका. जागा असते तिथे. माझ्या वडिलांनी त्या जागेत पिंप लिहिलं होतं.

आणि ज्यांची लग्नं होऊन गेलीत त्यांनी सोमवारी तलाठ्याकडे किंवा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन या. तिथे ना वकील लागतो, ना तारीख. सगळ्यांत आधी लागते ती नवऱ्याची सही.

— डोंबिवलीची एक पोळीभाजीवाली, आणि तिच्यासारख्या सहा जणी