उपशामक सेवेची पहिली भेट : वैद्याने काय सांगावे?

डोंगरी गावातील एक रुग्णा मुलासह माझ्याकडे आल्या. स्तनाचा कर्करोग हाडांपर्यंत पसरलेला, रात्ररात्र झोप नाही. हाती परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक सेवा विभागाची चिठ्ठी होती. "डॉक्टर, तिथे पाठवतात म्हणजे आता संपलंच ना?" मुलाने विचारले. "सध्या हेच औषध चालू ठेवा, पुढे पाहू," असे मोघम उत्तर मी दिले. त्या मोघमपणापायी बाईंनी आणखी पाच आठवडे वेदना सोसल्या.

वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ मध्ये, तर टाटामधील हा विभाग १९९६ मध्ये सुरू झाला. म्हणजे ही सेवा आपल्याला नवी नाही. तिच्याविषयी बोलण्याची सवय मात्र आपल्याला नाही.

पहिल्या भेटीत होते काय? बहुतांश वेळ विचारपूस. वेदना कोठे, कशी, शून्य ते दहा या मापात किती. झोप, मळमळ, मलप्रवृत्ती, धाप. रुग्णाला आजाराविषयी काय ठाऊक आहे, किती जाणून घ्यायचे आहे. घरी शुश्रूषा कोण करते, पैशांची ओढाताण आहे काय, हेही विचारतात. डॉक्टरांबरोबर परिचारिका व समुपदेशक असू शकतात. केमोथेरपी चालू असली तरी ही सेवा घेता येते. गरजेप्रमाणे मॉर्फिनच्या गोळ्या देतात, बहुधा दर चार तासांनी, आणि सोबत रेचक. वेदनेसाठी योग्य मात्रेत, देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागेल ही भीती बव्हंशी अनाठायी आहे.

डोंगरीहून निघायचे तर भाईंदर स्थानकापर्यंत बस, पुढे लोकल. रुग्णाचा अर्धा जीव प्रवासातच जातो. म्हणून सर्व कागद, चालू औषधे आणि प्रश्नांची यादी एकाच पिशवीत द्यावी. त्या पिशवीत आपले काढे व भस्मेही असावीत. ती लपवावीत असे रुग्णाला वाटते, कारण कित्येकदा आपणच तसे सुचवतो! यकृत वा वृक्क दुर्बल झाले असता ही माहिती तेथील डॉक्टरांना अत्यावश्यक असते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, वैद्यवृत्ती चतुर्विध सांगितली आहे. तिच्यातील 'उपेक्षा' टीकाकारांनी मरणासन्न रुग्णाशी जोडली आहे. व्यर्थ चिकित्सेचा आग्रह सोडणे, असा तिचा अर्थ मी घेतो. रुग्णाला सोडणे हा अर्थ घेतला, तर त्याच वृत्तीतील आर्तांविषयीच्या कारुण्याचे काय करायचे?

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. मॉर्फिन सामान्य दुकानात मिळत नाही. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांमार्फत ते देण्याची व्यवस्था झाली. गोळ्या संपत आल्या असतील, तर त्याऐवजी दुसरी वेदनाशामके हाती ठेवू नयेत. वेळीच त्या विभागाकडे पाठवावे. गोळ्या अचानक बंद करण्याचा सल्ला तर कोणीच देऊ नये.

त्या बाई अखेर परळला गेल्या. आठवड्याने मुलगा एकटाच आला. आई रात्री झोपते, म्हणाला. पोट साफ होत नाही, काही चूर्ण द्याल का? चूर्ण देण्यापूर्वी मी चिठ्ठीवरील क्रमांकावर दूरध्वनी केला.