चिऊचे दार आणि समीक्षेचे तात्पर्य

चिऊ-काऊच्या गोष्टीला ‘संस्कारकथा’ म्हणण्याची रूढी मराठीत इतकी मुरली आहे, की तिची संहिता वाचण्याची गरज फारशी कोणास भासत नाही. चिऊ उद्योगी, काऊ आळशी. म्हणून एकीचे मेणाचे घर टिकते आणि दुसऱ्याचे शेणाचे घर वाहून जाते, हा ठरीव अन्वयार्थ. कथेच्या सर्वपरिचित रूपात मात्र काऊच्या आळसाचा प्रसंगच नाही. घर कशाचे होते, एवढेच ती सांगते. शेण वाटेवर कोणासही मिळते, मेण सहजी मिळत नाही. साधनांतील हा भेद स्वभावातील भेद म्हणून वाचण्याची जबाबदारी सर्वस्वी समीक्षकाची आहे.

या वाचनाला नीतिकथेचा साचा कारणीभूत आहे. तंजावरात १८०६ मध्ये छापल्या गेलेल्या ‘बालबोधमुक्तावली’ने इसापाच्या कथा मराठीत आणल्या, पुढे शालेय पुस्तकांच्या आश्रयाने प्राणिकथा म्हणजे तात्पर्य हे समीकरण रुळले. मौखिक परंपरेतील कथेलाही मग तीच फूटपट्टी लावण्यात आली.

वस्तुतः ही कथा तात्पर्याकडे धावत नाही; ती दाराशी थांबते. बाळाला न्हाऊ घालणे, तीट लावणे, निजवणे ही चिऊची प्रत्येक सबब खरी आहे आणि तरीही ती सबबच आहे. येथील पुनरुक्तीला स्मरणसुलभ युक्ती म्हणून सोडून देता येत नाही. प्रत्येक आवर्तनागणिक पाऊस काऊच्या अंगावर पडत राहतो आणि ऐकणारे मूल दाराच्या दोन्ही बाजूंस उभे राहते. बाळ म्हणून ते आत उबेत असते, श्रोता म्हणून बाहेर भिजत असते. कथेचे नैतिक सामर्थ्य या द्विधेत आहे.

ही द्विधा असह्य होऊन चिऊला तत्काळ दार उघडावयास लावणारे सुधारकही तीच चूक करतात. ग्रिम बंधूंनी स्नोव्हाइटची १८१२ मधील सख्खी आई १८१९ च्या आवृत्तीत सावत्र केली. त्यामुळे आईच्या क्रौर्याचा प्रश्न सुटला नाही. तो परक्या स्त्रीच्या माथी गेला, इतकेच. काऊच्या वाट्याचा पाऊस पुसणे हाही त्याच जातीचा उपाय होय.

चिऊने दार उघडावयास इतका उशीर का लावला, हे मूल विचारते. बालसाहित्याच्या समीक्षेने प्रथम तेवढे तरी विचारावे.